गाव रस्त्यावर, वाडी डोंगरावर

जावळी, पाटण, महाबळेश्वर या तालुक्यांत गाव एका जागी क्वचितच असतं. महसुली नाव एक, जनगणनेतला आकडाही एक; पण गावठाण खाली ओढ्याकाठी आणि तीन-चार वाड्या वर सड्यावर. गावठाणापर्यंत डांबरी आली की गाव जोडलं गेलं असं समजतात. वरच्या वाडीची बाळंतीण मात्र अजूनही डोलीतूनच खाली येते.

रस्त्याची पोहोच मोजायचं जगभर वापरलं जाणारं माप साधं आहे: बारमाही रस्त्यापासून २ किलोमीटरच्या आत ग्रामीण लोकसंख्येपैकी किती टक्के लोक राहतात? नकाशावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना २ किलोमीटरचा पट्टा आखतात आणि त्यातली माणसं मोजतात. सपाटीवर हे अंतर म्हणजे पंचवीसेक मिनिटांची चाल. पट्ट्याला चढ कळत नाही, गोम तिथं आहे.

चढाचा हिशेब स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथच्या १८९२ सालच्या नियमानं जमतो: ताशी ५ किलोमीटर, वर प्रत्येक १०० मीटर चढाईला १० मिनिटं जादा. समजा वाडीची पायवाट १.८ किलोमीटर आणि चढ ३०० मीटर. चालायला २२ मिनिटं, चढाला ३०, झाली ५२. तीही मोकळ्या हातानं, धडधाकट माणसाची. डोक्यावर रेशनचं पोतं असेल तर नियम विसरा. पट्ट्याच्या हिशेबात मात्र ही वाडी 'आत' आहे. स्वतः मोजायचं असेल तर अंतर मोबाइलच्या जीपीएसवर घ्या, उंची नको; उंचीत तो सहज दहा-वीस मीटर चुकतो. १:५०,००० च्या नकाशावर २० मीटरच्या समोच्च रेषा असतात, त्या मोजा.

आता माणसांचा आकडा. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत एकक गाव नाही, वस्ती आहे. हे चांगलंच. पण लोकसंख्येची अट सपाटीवर ५००, आणि २५० ची सवलत डोंगरी राज्यं, वाळवंट, आदिवासी क्षेत्र अशा ठिकाणांना. सह्याद्री कितीही उभा असला तरी महाराष्ट्र काही डोंगरी राज्यांत मोडत नाही. जवळच्या वस्त्यांची बेरीज करता येते, तीही ठरावीक अंतरातच.

आणि मोजणी होते फेब्रुवारीत. २०११ ची शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारीला झाली. त्या पूर्ण काळात जो घरी नव्हता तो जिथं होता तिथं मोजला गेला. पाटण-जावळीचा माथाडी कामगार मुंबईच्या आकड्यात गेला. मे महिन्यात, यात्रेला हीच वाडी दुपटीनं भरते, वडापच्या जीपला टपावर माणसं बसतात; पण यात्रेत शिरगणती होत नाही.

'बारमाही' या शब्दातही एक खोच आहे. त्याचा अर्थ डांबरी नव्हे. पाण्याचा निचरा होऊन सगळ्या ऋतूंत गाडी जाईल तो रस्ता बारमाही, मग तो खडीचा का असेना. उलट नवीकोरी डांबरीसुद्धा एका मोरीपायी बाद होते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. डोंगराकडच्या गटारात पालापाचोळा नि मुरूम साचतो, मोरीचा पाइप तुंबतो. ६०० मिलिमीटरच्या पाइपात शिरून गाळ काढता येत नाही, म्हणून तो कुणी काढतही नाही. मग पाणी रस्ता ओलांडून दरीकडची साइडपट्टी खातं. मधली डांबरी शाबूत दिसते, पण समोरून गाडी आली तर एसटीनं बाजू द्यायची कुठं? चालक फाट्यावरूनच गाडी वळवतो, मुक्कामी गाडी बंद होते, आणि ५२ मिनिटांत फाट्यापर्यंतची चाल मिळवावी लागते.

पुढची जनगणना २०२७ च्या फेब्रुवारीत आहे. ग्रामपंचायतीनं त्याआधी वाडीवार घरटी यादी करावी. रकाने चारच: घरं, फेब्रुवारीतली माणसं, मेमधली माणसं, फाट्यापर्यंत चढ धरून लागणारी मिनिटं. चौथा रकाना पायी जाऊनच भरावा, आणि जमलं तर जुलैत.