हिरवं दिसणारं जंगल आणि वाढणारं जंगल

‘कार्बन डायऑक्साइड म्हणजे झाडांचं खाद्य, तो वाढला की जंगलं फोफावणारच!’ हे ज्ञान कुणी ना कुणी पाजळतंच. सोबत उपग्रहाचा हिरवागार नकाशा. नकाशा खोटा नाही, पण त्यात दिसतात ती पानं. रुंदपानी जंगल वाढलं की नाही, हे खोडावर कळतं.

पानांचं सगळ्यांना ठाऊक आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत 280 भाग असलेला हा वायू आता 420च्या वर गेलाय. प्रकाशसंश्लेषण वाढतं, थंड मुलखात ओक, बीच अशा रुंदपानी झाडांना पालवी लवकर फुटते. इथवर सगळं बरोबर.

घोळ पुढे आहे. पानात साखर तयार झाली म्हणजे लाकूड झालंच, असं लोक धरून चालतात. लाकूड बनतं सालीआडच्या पातळ थरात. तिथली नवी पेशी पाण्याच्या दाबाने ताणली गेली तरच मोठी होते. हवा तापून कोरडी पडली की हा दाब आधी उतरतो; पानांचं काम मात्र आणखी काही काळ चालू राहतं. वाळू-सिमेंट येऊन पडलंय आणि नळाला पाणी नाही, अशी गत. खोड मुख्यतः रात्री जाड होतं ते यामुळेच. तेव्हा हवेत ओल असते.

अमेरिकेत हार्वर्ड फॉरेस्ट आणि व्हर्जिनियातलं एक जंगल इथे खोडांना धातूच्या पट्ट्या बांधून घेर मोजले. निष्कर्ष 2022 साली आला: वसंत उबदार असला की वाढ लवकर सुरू होते, पण वर्षाची बेरीज काही वाढत नाही. (लवकर आलेली पालवी उशिराच्या हिमात करपते, ते आणखी वेगळं.) मध्य युरोपात 2018च्या दुष्काळात तर बीचनी भर उन्हाळ्यात पानं टाकली. आपल्या सागाचं वलयही पाऊस ओढला की अरुंद पडतं.

‘वनाच्छादन वाढलं’ या बातम्यांनी तर डोकंच फिरतं. किमान एक हेक्टर जागा आणि 10 टक्के झाडांची सावली, की झालं वनाच्छादन. आंब्याची बागही त्यात धरतात. 2019 मध्ये नासाच्या नकाशात चीनबरोबर भारत हिरवाईत आघाडीवर होता, पण आपली ती हिरवाई बहुतेक शेतांची. जंगलाची वाढ सांगायची तर टेप खोडाला गुंडाळावी, जमिनीपासून 1.37 मीटरवर, आणि दरवर्षी त्याच झाडाला.