गच्चीवरचं पाणी आणि मूठभर पाला

मे सरत आला की वॉटरप्रूफिंगच्या जाहिराती सुरू होतात. अमुक वर्षांची हमी, तमुक थरांचं रसायन. शेवटच्या मजल्यावर छत गळू लागलं की सोसायटीच्या सभेत वाद होतो तोही कोणता लेप लावायचा यावरच. खरं तर पाणी झिरपायला दोन गोष्टी लागतात: एक भेग आणि तिच्यावर तुंबलेलं पाणी. लेपवाला भेगेबद्दल बोलतो. तुंबलेल्या पाण्याबद्दल कोणी बोलत नाही, कारण पावसाळी पाईपच्या तोंडावरचा मूठभर पाला काढण्यात कोणाचा धंदा होत नाही.

आधी पावसाचा हिशोब. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी, वजन १ किलो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, हे मुंबईकरांना पाठच आहे. पण गच्चीला दिवसाच्या बेरजेशी देणंघेणं नसतं. तिला दर महत्त्वाचा. जोराच्या सरीत तो काही वेळ तरी ताशी १०० मिमीपर्यंत जातो. एका पाईपच्या वाट्याला ५० चौरस मीटर गच्ची धरली, तर सेकंदाला जवळजवळ १.४ लिटर पाणी त्या तोंडाशी येतं. ४ इंची पाईपला हे काहीच नाही. मग तुंबतं कुठे?

पाईपमध्ये नाही, पाईपच्या काठावर. पाणी उथळ असतं तेव्हा ते भोक भरून खाली जात नाही, चहूबाजूंनी काठावरून आत सांडतं. धरणाच्या सांडव्याचं जे गणित, तेच इथलं. विसर्ग दोन गोष्टींवर ठरतो: काठाची लांबी आणि काठावरच्या पाण्याची उंची. उंचीचा मात्र दीड घात घ्यायचा. दीडच का? उंची वाढली की काठावरून पडणारा पाण्याचा पडदा त्याच प्रमाणात जाड होतो, आणि शिवाय त्याचा वेगही वाढतो. गुरुत्वाकर्षणामुळे हा वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. उंची गुणिले उंचीचं वर्गमूळ, झाला दीड घात. म्हणजे उंची दुप्पट झाली की विसर्ग सुमारे २.८ पट.

आता आकडे घालू. ४ इंची तोंडाचा परीघ सुमारे ३१ सेंटिमीटर. आपले १.४ लिटर त्यावरून जायला पाणी काठावर साधारण २ सेंमी चढावं लागतं. पाल्याने तीन चतुर्थांश काठ अडवला, तर उरलेल्या तुकड्याला प्रत्येक सेंटिमीटरमागे चौपट पाणी घ्यावं लागेल. विसर्गावरून उंची काढायची तर दीड घात उलटा फिरवायचा, म्हणजे दोन तृतीयांश घात. चारचा तो घात साधारण अडीच, म्हणून पाणी ५ सेंमीवर. नव्वद टक्के काठ अडला तर ९ सेंमीवर. पुढे तोंड पुरतं बुडालं की सांडव्याचा नियम संपतो आणि भोकाचा सुरू होतो. तिथे विसर्ग उंचीच्या नुसत्या वर्गमुळाने वाढतो: दुप्पट पाणी खाली जायला उंची चौपट लागते. त्यात सपाट जाळीवर पाण्याचा दाब पाल्याला आणखी घट्ट बसवतो. पाणी वाढलं की कचरा आपोआप वाहून जाईल, ही आशा फोल आहे.

घातांक डोक्यावरून गेले असतील तर एवढंच धरा: २ सेंमी आणि ९ सेंमी यांत फरक फक्त पानांचा, कबुतरांच्या पिसांचा आणि कुंड्यांतून वाहून आलेल्या मातीचा आहे. वॉटरप्रूफिंग बऱ्याचदा कठड्यालगत वाट्यापर्यंतच, म्हणजे गच्ची आणि कठडा मिळतात तिथल्या गोलसर कोपऱ्यापर्यंतच, चढवलेलं असतं. पाणी त्याच्या वर गेलं की ते प्लास्टरमागे उतरतं, आणि हमीपत्र कपाटातच राहतं. जिन्याच्या दाराचा उंबरा बुटका असेल तर पाणी पायऱ्यांवरून थेट लिफ्टपर्यंत. भिंतीत आणि स्लॅबमध्ये मुरलेल्या ओलीने आतली सळई गंजते, गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो आणि छताचे पोपडे सुटतात.

वजनाचंही बघा. माणसांचा वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरतात. ते झालं १५ सेंमी पाणी. म्हणून घर लगेच कोसळत नाही, घाबरू नका. पण अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या केम्पर अरेना या क्रीडागृहाच्या छताचा मोठा भाग ४ जून १९७९ च्या पावसात खाली आला, तेव्हा वारंवारच्या ताणाने कमजोर झालेल्या बोल्टांच्या जोडीला छतावर साचलेलं पाणीही होतं. छत वाकतं, खोलगट भागात आणखी पाणी येतं, छत आणखी वाकतं.

कौलारू घरात पन्हळ तुंबली की प्रश्न एकच: पाणी कुठल्या काठावरून सांडणार? बाहेरचा काठ थोडा खाली ठेवला असेल तर अंगणात. नाहीतर वाशांवर आणि भिंतीत. गच्चीतही कठड्याला थोडं वर एक जादा भोक ठेवावं, ते याचसाठी.

साचलेल्या गाळात पिंपळ उगवतो. पक्षी फळं खातात, बी विष्ठेतून पडतं. कोवळं रोप बोटांनी उपटता येतं, पण त्यावर मुंजा असतो म्हणून कोणी हात लावत नाही. वर्षभरात मुळं सांध्यात शिरतात, मग नुसतं खोड छाटून उपयोग नसतो, ते पुन्हा फुटतं. मुंजाने कोणाचं काही वाकडं केल्याचं माझ्या पाहण्यात नाही. मुळांनी फोडलेले कठडे मात्र प्रत्येक जुन्या वस्तीत दिसतील.

सपाट जाळीऐवजी घुमटाकार जाळी बसवावी: पाला बुडाशी अडकला तरी वरच्या फटींतून पाणी जात राहतं. मृगाआधी सफाई बहुतेक सोसायट्या करतात. पण पाला खरा पडतो तो पहिल्या वादळी सरींत, म्हणून त्यानंतर पुन्हा एकदा वर जायला हवं. आणि परतीच्या पावसाआधी तर नक्कीच. सप्टेंबर-ऑक्टोबरची दुपारनंतरची ती गडगडाटी सर तासाभराचीच असते, पण दर तिचाही जबरदस्त असू शकतो, आणि तोवर गच्चीची किल्ली कोणाकडे आहे हेही सोसायटी विसरलेली असते.