पीजीए टूरच्या वेळापत्रकातील बदल

अमेरिकेतील पुरुषांच्या व्यावसायिक गोल्फमध्ये, म्हणजे पीजीए टूर ही संस्था चालवत असलेल्या स्पर्धामालिकेत, स्पर्धांच्या तारखा पूर्वीपासून हलत आल्या आहेत. त्यांपैकी २०१९ ची फेरमांडणी सर्वांत दूरगामी मानली जाते. त्या वर्षी पीजीए चॅम्पियनशिप ऑगस्टमधून मेमध्ये आली, प्लेअर्स चॅम्पियनशिप मेमधून मार्चमध्ये गेली आणि हंगामाचा शेवट करणारी टूर चॅम्पियनशिप सप्टेंबरऐवजी २५ ऑगस्टलाच संपली.

या बदलाच्या कारणांविषयी दोन मते आहेत. पहिले ऑलिंपिकचे. २०१६ मध्ये गोल्फ ११२ वर्षांनी ऑलिंपिकमध्ये परतला, तेव्हा पीजीए चॅम्पियनशिप जुलैअखेरीस उरकावी लागली होती. दुसरे मत अमेरिकी फुटबॉलचे. एनएफएल या तेथील व्यावसायिक फुटबॉल लीगचा हंगाम सप्टेंबरात सुरू झाला की दूरचित्रवाणीचा प्रेक्षक तिकडे वळतो. येथे एक तपशील बहुधा नजरेआड होतो. पीजीए चॅम्पियनशिप ही स्पर्धा पीजीए टूर स्वतः भरवत नाही. ती भरवते पीजीए ऑफ अमेरिका, ही क्लबांतील व्यावसायिकांची संघटना. टूर तिच्यापासून १९६८ च्या सुमारास वेगळी झाली. ऑलिंपिकचा मुद्दा प्रामुख्याने या संघटनेने मांडला, फुटबॉलचा टूरने. ऑलिंपिक चार वर्षांतून एकदा येते, फुटबॉल दरवर्षी. त्यामुळे दुसऱ्या मताचे पारडे जड वाटते. मे महिनाही सर्वस्वी नवा नव्हता: १९४९ ची पीजीए चॅम्पियनशिप मेमध्येच झाली होती, तर १९७१ ची चक्क फेब्रुवारीत.

तारीख बदलली की मैदानाचे रूपही बदलते. प्लेअर्स चॅम्पियनशिप जेथे होते त्या फ्लॉरिडातील सॉग्रास येथे मार्चमध्ये बर्म्युडा गवत पुरते जागे झालेले नसते, म्हणून त्यावर राय गवत पेरतात. त्यामुळे मैदान मेपेक्षा हिरवे आणि मऊ लागते.

खरी झळ मोठ्या स्पर्धांच्या मधल्या आठवड्यांत होणाऱ्या स्पर्धांना बसते. ह्यूस्टन ओपन २००७ ते २०१८ या काळात बहुतेक वर्षी ऑगस्टा येथील मास्टर्स या मोठ्या स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात होई आणि तेथील मैदान मुद्दाम ऑगस्टासारखे राखले जाई. सरावासाठी नामवंत खेळाडू येत. २०१९ मध्ये ही स्पर्धा शरदात ढकलली गेली आणि मास्टर्सआधीचा आठवडा टेक्सास ओपनला मिळाला. २०२० मध्ये महासाथीमुळे मास्टर्सच नोव्हेंबरात गेली, तेव्हा ह्यूस्टनला जुनी जागा तेवढ्यापुरती परत मिळाली. २०१९ च्याच फेरमांडणीत कॅनेडियन ओपन जुलैतून जूनमध्ये, यूएस ओपनच्या आदल्या आठवड्यात आली.

२०१३ पासून शरदात सुरू होणारा हंगाम २०२४ पासून पुन्हा जानेवारीत सुरू होऊ लागला. शरदातील स्पर्धांना आता फेडेक्स चषकाच्या, म्हणजे हंगामभराच्या गुणांवर ठरणाऱ्या विजेतेपदाच्या, मुख्य शर्यतीत स्थान नाही; त्या मुख्यतः पुढील वर्षाचे टूर कार्ड (टूरवर खेळण्याचा हक्क) टिकवण्यासाठी खेळल्या जातात.