गाळ कशाने श्वास घेतो?

ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या खाडीच्या चिखलात फावडे खुपसून सरळ काप काढला, तर त्यात दोन रंग स्पष्ट दिसतात. वर पिवळसर तपकिरी रंगाचा पातळ थर असतो आणि त्याखाली कुजक्या अंड्यासारखा वास येणारा काळाकुट्ट गाळ लागतो. काळा गाळ म्हणजे सांडपाण्याची घाण, असा समज सर्रास आढळतो. परंतु सांडपाण्याचा थेंबही न पोचलेल्या खाडीतला गाळ तितकाच काळा असू शकतो. हा रंग लोह आणि गंधक यांच्या संयुगाचा असतो. काळ्या गाळाचा तुकडा हवेत ठेवला, की काही तासांत तो वरून तपकिरी होऊ लागतो, कारण त्यातल्या लोहाला पुन्हा ऑक्सिजन मिळतो.

नदीचे गोडे पाणी समुद्राच्या पाण्यात मिसळले, की क्षारांमुळे चिकणमातीच्या कणांमधले विद्युत प्रतिकर्षण क्षीण होते, कण एकमेकांना चिकटतात आणि तळाशी बसतात. त्यांच्याबरोबर मेलेले प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव), पानांचा चुरा असे सेंद्रिय द्रव्यही खाली जाते आणि जिवाणू ते ऑक्सिजनच्या साहाय्याने कुजवू लागतात. अडचण अशी, की दाट गाळात पाणी खेळत नाही, त्यामुळे ऑक्सिजन केवळ विसरणाने, म्हणजे रेणूंच्या आपोआप पसरत जाण्याने, आत शिरतो. विसरणाला एक मिलिमीटर अंतर काटायला काही मिनिटे पुरतात. पण अंतर शंभरपट झाले, की वेळ दहा हजारपट लागतो. साहजिकच किनाऱ्यालगतच्या चिखलात ऑक्सिजन वरच्या काही मिलिमीटरांतच संपून जातो.

कुजण्याची क्रिया मात्र तिथे थांबत नाही. खालचे जिवाणू नायट्रेट, मँगनीज आणि लोहाची ऑक्साइडे, सल्फेट अशा क्रमाने, म्हणजे ऊर्जेच्या उतरत्या भाजणीने, मिळेल तो पदार्थ ऑक्सिजनऐवजी वापरून श्वसन करतात आणि अगदी शेवटी मिथेन तयार होतो. यांत सल्फेटपासून मिळणारी ऊर्जा थोडी, पण समुद्राच्या पाण्यात ते विरघळलेल्या ऑक्सिजनच्या सुमारे शंभरपट असते. किनारी तळाच्या गाळात विघटित होणाऱ्या सेंद्रिय द्रव्यापैकी जवळजवळ निम्मे सल्फेट वापरणारे जिवाणू संपवतात, असे डॅनिश सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बो बार्कर यॉर्गनसन यांनी 1982 मध्ये दाखवून दिले. या श्वसनातून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू निर्माण होतो. गाळातले लोह त्याला बांधून ठेवते आणि त्यातूनच तो काळा रंग येतो. लोहाचा साठा पुरेसा असेपर्यंत विष तळातच राहते.

हा साठा ताजा ठेवण्याचे काम प्रामुख्याने बिळे करणारे प्राणी करतात, आणि माझ्या मते या विषयातला सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. युरोपच्या किनाऱ्यांवरील अरेनिकोला हा कृमी वीसतीस सेंटिमीटर खोल बिळात राहून शरीराच्या लाटांसारख्या हालचालींनी पाणी आत ओढतो. असे बीळ उभे कापले, तर काळ्या गाळात खोलवर उतरलेली तपकिरी कड दिसते; तिथे पाण्याबरोबर आलेल्या ऑक्सिजनने लोहाचे पुन्हा ऑक्साइड झालेले असते. या कडेत कुजण्यातून सुटलेल्या अमोनियम या नायट्रोजनच्या संयुगाचे नायट्रेट होते आणि काही मिलिमीटर पलीकडे, ऑक्सिजन नसलेल्या भागात, त्याच नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर होऊन तो हवेत परततो. शेतातून वाहून आलेले जादा नायट्रोजन किनारी पाण्यातून कायमचे बाहेर पडण्याची ही मोठी वाट आहे, आणि तिला ऑक्सिजन असलेली व नसलेली जागा शेजारीशेजारी लागते.

डेन्मार्कमधील ऑर्हुसच्या संशोधकांना याहूनही विलक्षण व्यवस्था सापडली. सल्फाइड आणि ऑक्सिजन यांच्यात एक सेंटिमीटरहून अधिक अंतर असूनही त्यांची अभिक्रिया होत असल्याचे त्यांनी 2010 मध्ये मांडले आणि 2012 मध्ये तिचा कर्ताही ओळखला: हजारो पेशींच्या साखळीचा, विजेच्या तारेसारखा इलेक्ट्रॉन वाहून नेणारा जिवाणू. त्याचे खालचे टोक सल्फाइड वापरते, तर वरचे ऑक्सिजन. या क्रियेत खालचे लोह-सल्फाइड विरघळते, मोकळे झालेले लोह वर येते आणि पृष्ठभागाजवळ लोह ऑक्साइडचा थर साचतो. नेदरलँड्समधील ग्रेव्हेलिंगेन या खाऱ्या जलाशयात हिवाळ्यानंतर साचलेला असा थर उन्हाळ्यात सल्फाइडला पाण्यात शिरण्यापासून बराच काळ रोखतो, असे आढळले आहे.

लोहाचे ऑक्साइड फॉस्फेटलाही धरून ठेवते. खतांमुळे शेवाळ माजले, ते तळाशी कुजले आणि तळालगतच्या पाण्यातला ऑक्सिजन संपला, की प्राणी मरतात, ऑक्साइड विरघळते, फॉस्फेट सुटते आणि त्यावर नवे शेवाळ पोसले जाते. 2008 च्या एका आढाव्यात जगभरात असे 400 हून अधिक मृत पट्टे (ऑक्सिजनअभावी प्राणी तगू न शकणारे भाग) नोंदले गेले असून त्यांचे क्षेत्रफळ सुमारे 2,45,000 चौरस किलोमीटर होते. बाल्टिक समुद्रात जमिनीवरून येणारे फॉस्फरस 1980 च्या दशकानंतर बरेच घटले, तरी तळातून सुटणाऱ्या जुन्या साठ्यामुळे पाणी सुधारायला दीर्घ काळ लागत आहे. ऑक्सिजन परतल्यावर अशा तळावर आधी येतात ते कॅपिटेलासारखे बारीक, उथळ गाळात राहणारे कृमी. खोल बिळे करणारे मोठे प्राणी कित्येक वर्षांनी येतात, आणि तोवर ऑक्सिजन गाळात फार खाली पोचत नाही.