न्हाणीघरातला कवड्या

भांडुपला डोंगराच्या बाजूच्या आमच्या तळमजल्यावरील घरात, जुलैमधल्या एका रात्री न्हाणीघराचा दिवा लावला, तेव्हा गीझरकडे जाणारा पाइप आणि भिंत यांच्या बेचक्यात करंगळीएवढ्या जाडीचा एक तपकिरी साप अंग अडकवून स्थिर बसलेला दिसला. अंगावर फिकट पिवळसर आडवे पट्टे होते, डोके चपटे होते आणि डोळे काळ्या मण्यांसारखे किंचित बाहेर आलेले होते. आरडाओरडा ऐकून काठी घेऊन आलेल्या शेजारच्या काकांनी दारातूनच निकाल दिला, की ही मण्यार आहे. मला तो कवड्या वाटत होता, परंतु त्या क्षणी माझ्या 'वाटण्या'वर घरातल्या चार माणसांचा जीव सोपवावा असा आत्मविश्वास माझ्याजवळ नव्हता, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

ही गल्लत मुंबईत वरचेवर होते आणि तिला कारण आहे. मण्यार हा देशातील अत्यंत जहाल विषारी सापांपैकी एक आहे, तर कवड्या पूर्णपणे बिनविषारी आहे. दोघेही रात्री हिंडतात, दोघांच्याही गडद अंगावर फिकट आडवे पट्टे असतात. फरक आहे तो पट्ट्यांच्या मांडणीत. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात, पुढच्या भागात ठळक असतात आणि शेपटीकडे विरत जातात. मानेवर बहुधा फिकट गळपट्टाही असतो. मण्यारीचे उलट असते. डोक्यामागचा भाग पुष्कळदा पट्ट्यांविना काळाभोर असतो, पुढे पांढऱ्या बारीक रेषा बहुधा जोडीने उमटतात आणि शेपटीकडे अधिक स्पष्ट होत जातात. मण्यारीच्या पाठीच्या कण्यावरून षट्कोनी, इतरांहून मोठ्या खवल्यांची एक रांग जाते आणि ही तिची सर्वांत खात्रीची खूण आहे. मात्र ती पाहण्यासाठी जेवढे जवळ जावे लागते, तेवढे जवळ कोणी जाऊ नये. शिवाय पिल्लांच्या, कात टाकण्याच्या बेतात असलेल्या किंवा धुळीने माखलेल्या सापाच्या बाबतीत या खुणा पुसट होतात. म्हणून ओळख हा अभ्यासाचा विषय म्हणून कितीही रंजक असला, तरी रात्री साडेअकरा वाजता न्हाणीघराच्या दारात उभे राहून सोडवायचा तो प्रश्न नव्हे.

कवड्या घरात येतो तो पालींसाठी. त्याच्या जबड्यात पुढच्या बाजूला सुळ्यांसारखे मोठे दात असतात. त्यांत विष नसते, पण गुळगुळीत आणि कडक खवल्यांच्या सरडे-सापसुरळ्यांना घट्ट धरून ठेवण्यास ते उपयोगी पडतात. खडबडीत भिंत, झाडाची फांदी किंवा सांडपाण्याचा पाइप यांवरून तो सहज चढतो, त्यामुळे तो वरच्या मजल्यांवरही सापडतो. ट्यूबलाइटभोवती किडे जमतात, किड्यांमागे पाल येते आणि पालीच्या मागावर कवड्या. मोठी धामण उंदीर-घुशींमागे येते आणि उंदीर आपल्या कचऱ्यामागे आलेले असतात. संजय गांधी नॅशनल पार्कचे सुमारे 104 चौरस किलोमीटरचे जंगल आणि आरेची झाडी यांना लागून राहणाऱ्या मुलुंड, भांडुप, गोरेगाव, बोरिवलीकरांकडे साप येणार हे उघडच आहे. परंतु जिथे कचराकुंडी, पडीक भिंत आणि पाणी आहे, तिथे सापाला जंगल लागतेच असे नाही. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरल्याने ते कोरड्या जागा शोधतात आणि नाग, दिवड यांची अंडी याच सुमारास फुटत असल्याने वीतभर लांबीची पिल्लेही घरांत आढळतात. नागाचे पिल्लू जन्मापासूनच विषारी असते, त्यामुळे 'एवढेसे तर आहे' म्हणून ते केरसुणीने लोटू नये. दिवड हा बिनविषारी पाणसाप चिडला की मान चपटी करतो आणि त्यापायी नाग समजून मारला जातो.

मोरीच्या जाळीतून वर येणाऱ्या आणखी एका प्राण्याबद्दल थोडे विषयांतर करतो. पावसाळ्यात काळपट, चकचकीत, गांडुळासारखा पण गांडुळापेक्षा कितीतरी चपळ असा एक जीव फरशीवर वळवळताना दिसतो. तो वाळा, आपल्याकडचा सर्वांत लहान साप. त्याची लांबी जेमतेम पंधरा सेंटिमीटर असते आणि डोळे खवल्यांखालच्या दोन ठिपक्यांएवढे असतात. तो मुंग्यांची आणि वाळवीची अंडी, अळ्या खातो आणि माणसाला चावण्याइतके त्याचे तोंडच उघडत नाही. या जातीत नर आढळत नाहीत. सगळ्या माद्याच असतात आणि नराविना प्रजोत्पत्ती करतात. एकच मादी कुंडीतल्या मातीतून दुसऱ्या खंडात पोहोचली, तरी तिथे वसाहत उभी राहते, आणि जगभर हा साप असाच पसरला आहे. आपल्या बाल्कनीतल्या तुळशीच्या कुंडीतही तो नांदत असण्याची दाट शक्यता आहे. त्याला कागदावर घेऊन मातीत सोडले की झाले.

न्हाणीघरातल्या सापाकडे वळू. सापाला बाह्य कान आणि कर्णपटल नसतात. जमिनीतील कंपने त्याच्या खालच्या जबड्याच्या हाडातून आतल्या कानापर्यंत पोहोचतात आणि हवेतील खालच्या पट्टीचे आवाजही काही प्रमाणात जाणवतात. त्यामुळे आपली ओरड त्याला फारशी कळत नाही, पण काठीची आपटाआपट कळते आणि तो जवळच्या अंधाऱ्या फटीत, म्हणजे वॉशिंग मशीनखाली किंवा माळ्यावरच्या सामानात शिरतो. नजरेसमोर असलेल्या सापापेक्षा दिसेनासा झालेला साप अधिक धोक्याचा. म्हणून एका माणसाने दोन मीटर अंतर राखून त्याच्यावर नजर ठेवावी. साप साधारणपणे आपल्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्या अंतरापर्यंत झेप घेऊ शकतो, तेव्हा हे अंतर पुरेसे ठरते. मुलांना आणि पाळीव प्राण्यांना दुसऱ्या खोलीत न्यावे, आतले दार लावून त्याखालच्या फटीत ओला टॉवेल कोंबावा आणि बाहेर उघडणारे दार असल्यास ते मोकळे सोडावे. फिनाइल, रॉकेल, मिरचीची धुरी यांपैकी काहीही वापरू नये. त्याने साप चवताळतो किंवा भलत्याच दिशेने पळतो. घराभोवती गंधक किंवा डांबराच्या गोळ्या टाकून साप येत नाहीत हा समजही प्रयोगांत टिकलेला नाही.

त्यानंतर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर किंवा ओळखीच्या जाणकार सर्पमित्राला फोन करावा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार साप मारणे हा गुन्हा आहे आणि 2022 च्या दुरुस्तीने नाग, घोणस, धामण यांसारख्या जातींना सर्वोच्च संरक्षण दिले आहे. सर्पमित्र निवडताना एक कसोटी लावावी: जो आकडा, पाइप आणि पिशवी घेऊन येतो आणि पाच मिनिटांत काम उरकतो, तो आपला माणूस. साप हातात खेळवून सोसायटीतल्या मुलांसोबत फोटो काढणाऱ्याला पुन्हा बोलावू नये.

सर्पदंश झालाच, तर मण्यारीचा दंश सर्वांत फसवा असतो. ती बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते; वेदना किंवा सूज फारशी नसते, खुणा पुष्कळदा दिसतही नाहीत. काही तासांनी पोटात दुखू लागते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळता येत नाही आणि शेवटी श्वसनाचे स्नायू थकतात. तिचे विष नसांच्या टोकांनाच इजा करते, त्यामुळे उशिरा दिलेले प्रतिविष झालेली हानी भरून काढू शकत नाही. नसांची टोके पुन्हा तयार होईपर्यंत रुग्णाला काही दिवस व्हेंटिलेटरवर जगवावे लागते. यासाठीच घरगुती उपायांत एक मिनिटही घालवू नये. आवळपट्टी बांधणे, जखम कापणे, रक्त चोखणे यांनी नुकसानच होते. अंगठ्या-बांगड्या काढाव्यात, हात किंवा पाय फळकुटाला बांधून स्थिर ठेवावा, रुग्णाला चालू देऊ नये आणि 108 ला फोन करून किंवा मिळेल त्या वाहनाने मोठ्या रुग्णालयात न्यावे. केईएम, सायन, नायर, कूपर ही पालिकेची रुग्णालये मुंबईकरांना पाठ असतातच.

साप मारून सोबत नेण्याची मुळीच गरज नसते. भारतातील प्रतिविष घोड्यांच्या रक्तातून तयार केले जाते आणि नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्याही विषावर ते एकच चालते. परळच्या हाफकिनचे नाव या औषधाशी कित्येक दशके जोडलेले आहे. नॅशनल पार्कच्या झाडीत आढळणारा हिरवा चापडा हा विषारी साप मात्र या चौघांत येत नाही, म्हणून दुरूनच मोबाइलवर टिपलेला फोटो डॉक्टरांना उपयोगी पडू शकतो. 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी 58,000. त्यांतली बहुसंख्य ग्रामीण भागातली होती. मोठे रुग्णालय तासाभराच्या अंतरावर असणे ही मुंबईची मोठी सोय आहे आणि ती काकांच्या काठीपेक्षा निश्चितच भरवशाची आहे.

आमच्याकडे आलेल्या सर्पमित्राने तो साप पिशवीत घेतला, तो कवड्याच असल्याचे सांगितले, आणि नंतर सापाविषयी एक शब्दही न बोलता टॉर्चने मोरीतला नानी ट्रॅप (सांडपाणी जाण्याचे जाळीदार तोंड), गीझरचा पाइप भिंतीतून बाहेर जातो ते भोक आणि मागच्या दाराखालची फट तपासली. फटीत त्याची तर्जनी सहज गेली. दुसऱ्या दिवशी ते भोक सिमेंटने बुजवले, मोरीला पाव इंची जाळी बसवली, दाराला खालून रबरी पट्टी लावली आणि मागच्या भिंतीशी रचलेल्या जुन्या फरश्या भंगारवाल्याला दिल्या. न्हाणीघराचा दिवा आता रात्रभर चालू ठेवत नाही. दिव्यामागची पाल मात्र अजून तिथेच आहे.