अठराखालील मुलावर गुन्ह्याचा आरोप: अटकेऐवजी काय होते, कोणते कागद लागतात

गुन्हा घडला त्या दिवशी वय 18 पेक्षा कमी असेल, तर बाल न्याय अधिनियम, 2015 लागू होतो. यासाठी छापील अर्ज नाही. पालक कागद घेऊन किती लवकर पोहोचतात, यावर बरेच ठरते.

मोबाईल चोरीसारख्या कमाल 3 वर्षे शिक्षेच्या गुन्ह्यात सहसा एफआयआर होत नाही. ठाण्यात नोंद होते आणि मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल बाल न्याय मंडळाकडे (अशा मुलांची प्रकरणे पाहणाऱ्या न्यायपीठाकडे) जातो. मुलाच्या हिताला गरज असेल तरच त्याला ताब्यात घेतात. लॉकअप आणि बेड्यांना मनाई आहे. ताब्यात घेतलेच, तर प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांत त्याला या मंडळापुढे हजर करावे लागते. पुण्याचे मंडळ येरवड्यात बसते.

वयाचा पुरावा आधी काढा. शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र चालते, ते नसेल तर महापालिकेचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी होते. आधार कार्डावर विसंबू नका. भीतीपोटी चुकीचे वय सांगितले की चौकशी तिथेच अडकते. सोबत पालकांचे ओळखपत्र, राहत्या पत्त्याचा पुरावा आणि शाळेचे बोनाफाईड ठेवा. वकील परवडत नसेल तर शिवाजीनगर न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागा.

जामीनदार नसला तरी जामीन मिळू शकतो. गुन्हेगारी टोळीशी संपर्क किंवा मुलालाच धोका दिसला तर मात्र मंडळ तो नाकारते. अटी 7 दिवसांत पूर्ण झाल्या नाहीत, तर त्या बदलण्यासाठी मुलाला पुन्हा मंडळापुढे आणतात.

परिविक्षा अधिकाऱ्याचा (मुलाच्या घरची परिस्थिती तपासणाऱ्या प्रोबेशन ऑफिसरचा) अहवाल दोन आठवड्यांत यायला हवा. ते घरी येतील तेव्हा व्यसन, शाळा सुटणे, घरातली भांडणे लपवू नका. समुपदेशन, समाजसेवा (14 वर्षांवरील मुलांना) की देखरेखीखाली घरी, हे यावरूनच ठरते. समज देऊन सोडणे, दंड आणि जास्तीत जास्त 3 वर्षे विशेष गृह (अशा मुलांना ठेवण्याची सुधारसंस्था) हेही पर्याय आहेत. मे 2024 मध्ये पुण्यातील कल्याणीनगरात अल्पवयीन मुलाच्या गाडीने दोघांचा बळी घेतल्यानंतर गाजलेला 300 शब्दांचा निबंध ही कायद्यातली शिक्षा नव्हे, त्या मुलाच्या जामिनाची अट होती.

किमान 7 वर्षे शिक्षेचा गुन्हा आणि वय 16 च्या पुढे असेल, तर प्रौढ म्हणून खटला चालवायचा का याची प्राथमिक तपासणी होते. इतर मुलांना दोषी ठरल्यामुळे पुढे कोणतीही अपात्रता येत नाही, म्हणून अंतिम आदेशाची प्रमाणित प्रत मागून घ्या.