तांब्याची तार आणि पिसाचे चार तंतू

ट्राउट हा मासा आपलं बरंचसं खाणं पाण्याखालीच उरकतो. मेफ्लाय हा कीटक पंख फुटल्यावर जेमतेम दिवस-दोन दिवस जगतो. त्याआधीचे महिने तो निम्फ, म्हणजे बिनपंखी बाल्यावस्थेत, नदीच्या तळाशी काढतो. ट्राउट तिथेच त्याला खातो, म्हणून ट्राउट धरायला गळावर नकली निम्फ बांधतात. इंग्लंडमध्ये विल्टशरमधल्या एव्हन नदीची निगा राखणारे फ्रँक सॉयर (१९०६–१९८०) यांनी मेफ्लायच्या बीटिस गटातल्या निम्फचं बारकाईने निरीक्षण केलं. पोहताना हे निम्फ पाय अंगाशी घट्ट घेतात. मग नकली निम्फला पाय हवेत कशाला? त्याआधी इंग्लिश मासेमार-लेखक जी. ई. एम. स्क्यूज पायांसाठी मऊ पिसाचे एक-दोन वेढे देत असत. सॉयर यांनी तेही काढले, दोराही काढला. उरली तांब्याची तार आणि नर फेझंट पक्ष्याच्या शेपटीचं पीस.

तांबं पाण्याच्या जवळजवळ नऊपट जड असतं. इथे तीच तार वजन देते, दोऱ्याचं काम करते आणि पिसाआडून तिचा लालसर रंगही दिसतो.

गळ १६ नंबरचा घ्या, तार साधारण ०.१ मिमी जाडीची. छोट्या व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात, गळ पकडून त्याच्या डोळ्यामागून (दोरी ओवायच्या भोकामागून) बाकापर्यंत तारेचा एक थर द्या. छातीच्या जागी वेढ्यांवर वेढे चढवून फुगवटा करा आणि तार पुन्हा बाकाशी आणा. आता पिसाचे चार तंतू शेंड्याकडून बांधा. शेंडे ३ मिमी बाहेर राहू द्या, ती शेपटी. तंतू आणि तार एकत्र पिळून डोळ्यापर्यंत गुंडाळत जा. हा पीळ टाळू नका: नुसते तंतू ट्राउटच्या दातांनी एक-दोन माशांतच तुटतात, तारेसोबत पिळलेले टिकतात. शिवाय तंतूंच्या कडेची बारीक लव उभी राहते आणि निम्फच्या पोटाकडेच्या कल्ल्यांसारखी दिसते. डोळ्याशी तार वेगळी करा, छातीमागे न्या. तंतू मागे दुमडून तारेने बांधा, तार पुढे आणा, तंतू पुन्हा पुढे दुमडून बांधा. पंख फुटायच्या आधी खऱ्या निम्फच्या पाठीवर जो गडद उंचवटा येतो, तो हाच. शेवटी तारेच्या तीन गाठी मारा.

बिघडतं ते बहुतेक वेळा डोळ्यापाशी. तिथे १ मिमी जागा मोकळी ठेवली नाही, तर गाठी डोळ्यावर चढतात आणि नायलॉनची दोरी ओवता येत नाही. जास्त पीळ दिला की तार तटकन तुटते. पीस कोरडं पडलं असेल तर तंतू मोडतात. बोटं ओली करून घ्या. आणि पोट जाड करण्याचा मोह आवरा, कारण जाड निम्फ सावकाश बुडतो.

बुडण्याचा वेग हाच पुढचा सगळा हिशोब ठरवतो. समजा निम्फ सेकंदाला १० सेंमी बुडतो आणि प्रवाह सेकंदाला ३० सेंमी वाहतो. मासा ६० सेंमी खोल असेल, तर निम्फला ६ सेकंद लागतील. म्हणजे तो माशाच्या १.८ मीटर वर, प्रवाहाच्या उगमाकडे पडायला हवा. यात प्रकाशाचं वक्रीभवन घोळ घालतं. सरळ वरून पाहिल्यास ६० सेंमीवरचा मासा ४५ सेंमीवर भासतो, तिरकं पाहिलं तर आणखी उथळ. त्यामुळे डोळ्यांवर भिस्त ठेवणाऱ्याचा निम्फ माशाच्या डोक्यावरून निघून जातो. अंदाजापेक्षा थोडा जास्तच वर टाका.

निम्फ माशाजवळ पोचला की मासेमारीच्या काठीचं टोक हलकेच उचला. तळाकडून वर निघालेला निम्फ पाहून, नुसता बघत राहिलेला ट्राउटही पुष्कळदा झडप घालतो. सॉयर यांची ही युक्ती बांधणीइतकीच मोलाची आहे. लीडरचा, म्हणजे निम्फला जोडलेल्या बारीक दोरीचा, वरचा भाग ग्रीस लावून तरंगता ठेवा, शेवटचा भाग मात्र ग्रीसविना राहू द्या. तरंगता भाग अडखळला किंवा किंचित खाली ओढला गेला, नाहीतर माशाच्या तोंडाची पांढरी उघडझाप दिसली, की लगेच काठी उचला. नकली असल्याचं जाणवताच मासा निम्फ थुंकून टाकतो.